मदत हवी आहे: पाचवीच्या मुलांना आदिमानवाचा काळ कसा दाखवायचा?

नमस्कार मंडळी. नागपुरात मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवीला परिसर अभ्यास भाग २ शिकवते. आदिमानवाचा पाठ सुरू आहे आणि गाडी जुनापाणीवर अडली आहे.

जुनापाणीची, म्हणजे काटोल रोडकडची ती शिळावर्तुळं (मोठ्या दगडांची गोल रिंगणं) बऱ्याच मुलांनी पाहिलेली. दगड आहेत म्हणजे अश्मयुग, असं पोरांचं पक्कं मत! ती लोहयुगातली दफनं आहेत, आत लोखंडी वस्तू सापडल्यात, हे दोनदा सांगून झालं. फळ्यावरची कालरेषा पाठ करतात, समजत मात्र नाही.

मग व्हरांड्यात २० मीटर सुतळी अंथरली. १ मीटर म्हणजे १ लाख वर्षं. एका टोकाला होमो इरेक्टस (ताठ चालणारा आदिमानव), दुसऱ्या टोकाला आपण. जुनापाणी शेवटच्या ३ सेंटीमीटरच्या आत आलं. "मॅडम, हे तर खोडरबराएवढंच!" इथवर झकास. पण शेतीची सुरुवातही शेवटच्या १२ सेंटीमीटरमध्येच. शेती, चाक, तांबं, लोखंड, सगळ्या चिठ्ठ्या एकमेकींवर चढल्या. शेवटच्या १२ हजार वर्षांसाठी वेगळी मोठी सुतळी घेतली, तर मुलांना दोन्ही काळ सारखेच लांब वाटले. पुन्हा तेच.

वर्गात ४५ मुलं, तास ३५ मिनिटांचा, प्रोजेक्टर नाही. सहल परीक्षेनंतरच, त्यामुळे अजब बंगल्याचा (इथल्या वस्तुसंग्रहालयाचा) सल्ला सध्या नको.

दुसरी सुतळी ही पहिलीचाच शेवटचा तुकडा मोठा करून दाखवलेला आहे, हे दहा वर्षांच्या मुलांना पटेल असं काय करता येईल? कोणी वर्गात करून पाहिलंय का?