शब्दचर्चा: 'उसोग'ला 'दृष्ट' म्हणावं का?

फुलपात्र:
एका दिवाळी अंकासाठी फिलिपिनो कथा मराठीत करते आहे. मूळ तागालोग. माझ्या समोर इंग्रजी अनुवाद आणि शेजारी तागालोगचा कोश. वाटलं होतं भुतांपाशी अडकेन, पण अडकले पाळण्यापाशी.

प्रसंग असा आहे. घरात तान्ही मुलगी. बापाचा मनिलाचा मित्र भेटायला येतो, पाळण्यात वाकून 'काय गुटगुटीत आहे!' म्हणतो, जेवतो आणि निघतो. रात्री पोर किरकिर करते, दूध ओकते, पोट टम्म. आजी म्हणते, 'उसोग.' मित्राला बसथांब्यावरून परत बोलावून आणतात. तो अंगठ्याला थुंकी लावून पोरीच्या पोटावर क्रूस काढतो. कुणी त्याच्यावर चिडत नाही, उलट त्याला कॉफी मिळते.

इंग्रजी अनुवादात सरळ 'ईव्हिल आय' आहे. मीही पहिल्या खर्ड्यात 'दृष्ट लागली' लिहून मोकळी झाले. आता वाचते तर तो बिचारा मित्र जळकुटा वाटायला लागलाय. तुम्ही काय लिहाल?

कडूकारलं:
दृष्टच लिहा. उगाच घोळ घालू नका. दृष्ट लागायला माणूस जळकुटाच लागतो असं कुठे आहे? 'माझीच मेलीची दृष्ट लागायची' असं आई स्वतःच्या लेकराबद्दल म्हणतेच की. काजळाची तीट लावतो ती घरच्यांच्या नजरेसाठीसुद्धा.

फुलपात्र:
हे बरोबर आहे, मी विचारच केला नव्हता. पण आपल्याकडे दृष्ट काढताना ज्याची लागली त्याला कोण बोलावतं? आमची आजी मीठ-मोहऱ्या-मिरच्या उतरवताना 'आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची' असं सगळ्यांचं मिळून म्हणायची. नाव घ्यायचं नाही हाच त्यातला शहाणपणा. मिरच्यांचा ठसका आला नाही की 'बघ, केवढी लागली होती!' आणि कुणाची, ते मनातल्या मनात.

उसोगात उलट आहे. ज्याच्यामुळे झालं त्याच्याच थुंकीनं बरं होतं. म्हणजे नाव घ्यावंच लागतं आणि माणूस परत दारात यावा लागतो. कथेची सगळी गंमत त्या परत येण्यात आहे.

इंजिनरूम:
बोटीवर बरीच वर्षं फिलिपिनो मंडळींबरोबर काढली, म्हणून लिहितो. आमच्या बोसनला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, मुलगी झाली तेव्हा त्यानं मेसमध्ये फोनवर फोटो दाखवला. मी म्हणालो, छान आहे हो. तो हसत थांबून राहिला. मला कळेना. मग शेजारचा फिटर म्हणाला, 'प्वेरा उसोग' म्हण, तो त्याचीच वाट बघतोय. म्हटलं. लगेच फोन पुढे सरकला, पुढचा फोटो.

'प्वेरा' म्हणजे स्पॅनिश 'फुएरा', बाहेर. उसोग बाहेर! सेबू बाजूचे लोक 'प्वेरा बुयाग' म्हणतात. बाळांच्या मनगटाला लाल-काळ्या मण्यांचं कडं असतं, आपल्या मनगट्यांसारखं.

बोसनचं म्हणणं होतं की नजरेपेक्षा अंगाचा संबंध जास्त. उन्हातून, उपाशीपोटी, थकून आलेला माणूस तसाच बाळाजवळ गेला की होतं. प्रेमानं गेला तरी होतं. ह्याच त्रासाला दुसरा शब्द 'बाती', आणि बाती म्हणजे साधा नमस्कार-चमत्कार, विचारपूस करणं. म्हणजे विचारपूसच लागते पोराला!

फुलपात्र:
हे वाचून खर्ड्यातली 'दृष्ट' खोडली. आता तिथे रिकामी जागा आहे.

तोवर बाकीची यादी. ज्यांना इंग्रजीत शब्द नाही म्हणून अनुवादकानं अर्धा परिच्छेद खर्च केलाय, ते आपल्याकडे घरातच आहेत. 'ताम्पो': जवळच्या माणसानं दुर्लक्ष केलं म्हणून गप्प बसणं, जेवायला न येणं, कुणीतरी समजूत काढावी म्हणून वाट बघणं. रुसवा! 'पासालुबोंग': गावाहून येताना घरच्यांसाठी आणायचं ते. खाऊ! मोठ्यांना साडीचोळी आणली तर खाऊ म्हणता येत नाही, पण कथेत बाप बिबिंग्का घेऊन येतो, तो नारळाच्या दुधातला तांदळाचा केक, तेव्हा चालून जाईल.

आणि 'लिही'. डोहाळे, तंतोतंत. बाईला ज्याचे डोहाळे लागतील त्याचा ठसा पोरावर उमटतो असं मानतात. त्यावरून वाक्प्रचार आहे: सतत तोंड पाडून बसणाऱ्याला म्हणतात 'पिनाग्लिही सा सामा नांग लोओब', ह्याच्या आईला मनातल्या सलाचेच डोहाळे लागले असणार. मी लिहिलंय, 'आईला डोहाळेच रुसव्याचे लागले असतील ह्याच्या.'

कडूकारलं:
'एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा' आपल्याकडे तयार आहे. पण नको, तुमचं ठेवा. त्यात आई आहे.

बार्देसकार:
गोंयहून लिहितो, मराठी सांभाळून घ्या.

ह्या कथांत पोरं घरात आली की म्हाताऱ्यांचा हात धरून आपल्या कपाळाला लावतात आणि 'मानो पो' म्हणतात. 'मानो' स्पॅनिश, हात. 'पो' म्हणजे आदरार्थी 'जी'. त्याचं 'पाया पडला' करू नका. वाकण्याची दिशाच वेगळी. आमच्याकडे क्रिस्तांव घरांत सांजेचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाला की भुरगीं वडिलधाऱ्यांपुढे हात जोडून 'बेसांव' मागतात, पोर्तुगीज 'बेंसांव', आशीर्वाद. हावभाव वेगळा, पण भाव तोच. तुमच्या वाचकाला बेसांव कळणार नाही, म्हणून सरळ लिहा: 'आजीचा हात कपाळाला लावला.' माणूस समजतो.

आता दुसरा. 'काप्रे' आला असेल ना कुठेतरी? बालेतेच्या झाडावर बसून मोठी चिरूट ओढणारा काळा राक्षस. बालेते म्हणजे वडा-पिंपळाच्याच कुळातलं, पारंब्यांचं. हा शब्द स्पॅनिश 'काफ्रे', मूळ अरबी 'काफिर'. मराठीतला काफर तोच आणि आमचा 'खाप्री'ही तोच, पोर्तुगीज 'काफ्रे'वरून. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांना गोव्यात खाप्री म्हणायचे. एकच शब्द दोन बंदरांत उतरला. तिकडे भूत होऊन झाडावर चढला, इकडे माणसाची शिवी झाला.

फुलपात्र:
काप्रे आहे! मी 'मुंजा' लिहिणार होते, पिंपळामुळे.

बार्देसकार:
मुंजा पोरगा, लग्न न होता मेलेला. काप्रे मेलेला माणूसच नव्हे. जवळचा म्हटला तर आमचा राखणदार: झाडाचा, बांधाचा, त्याला विडी ठेवतात. पण राखणदार राखतो. काप्रे कधी चिडवतो, कधी बाईच्या प्रेमात पडतो. काप्रेच ठेवा. दुसऱ्यांदा येईल तोवर वाचकाच्या ओळखीचा होतो.

फुलपात्र:
'नुनो सा पुन्सो' मात्र 'वारुळातला म्हातारा' करते आहे. नुनो म्हणजे आजा, पूर्वज. पुन्सो म्हणजे मातीचा उंचवटा, बहुतेक वारूळच. जवळून जाताना 'ताबी-ताबी पो' म्हणायचं, 'बाजूला व्हा जी, पाय लागेल.' लाथ बसली की पाय सुजतो. नागपंचमीचा नाग वाचकाच्या मनात डोकं काढणार, पण 'म्हातारा' शब्द त्याला आत ढकलेल अशी आशा.

अस्वांगचं काय करू? हडळ?

कडूकारलं:
नाही. हडळ मेलेली असते. अस्वांग जिवंत. दिवसा शेजारीण, बाजारात भाव करते, चर्चमध्ये बसते. रात्री रूप बदलते आणि गरोदर बाईच्या घरावर येते. 'मानानांग्गाल' त्यातलीच, कमरेपासून वेगळी होऊन उडणारी. 'तांग्गाल' म्हणजे सुटणं, निखळणं. मागे उभ्या राहिलेल्या अर्ध्या धडावर मीठ टाकलं की तिला परत जुळता येत नाही. हे जुनं आहे: 1589 मध्ये हुआन दे प्लासेन्सिया ह्या फ्रान्सिस्कन पाद्र्यानं तागालोग लोकांच्या चालीरीती लिहिल्या, त्याच्या यादीत हे दोन्ही आहेत. अस्वांग तागालोगांत नाही, विसाया बेटांत असतो, अशीही त्याची नोंद आहे. म्हणजे तेव्हाही अस्वांग शेजारच्या मुलखातलाच!

शब्द हवा असेल तर 'डाकीण'. हा शब्द मी हौसेनं सुचवत नाही. नंदुरबारकडे जिवंत बाईला डाकीण ठरवून मारहाण झालेली आहे, आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यामागे असे प्रकारही आहेत. पण तुमच्या कथेत गाव एका विधवेकडे बोट दाखवत असेल, तर वाचकाच्या पोटात तेच कालवायला हवं. कथा नुसती घाबरवण्याची असेल तर 'अस्वांग' ठेवा.

फुलपात्र:
बोट दाखवणारीच आहे. डाकीण.

इंजिनरूम:
चकवा विसरू नका. तिकडे 'तिक्बालांग' असतो, घोड्याच्या तोंडाचा, रात्री वाट चुकवतो. पुन्हापुन्हा त्याच झाडापाशी आलात तर सदरा उलटा करून घालायचा. आणि उन्हात पाऊस पडला की तिक्बालांगचं लग्न. आपल्याकडे कोल्ह्याचं.

फुलपात्र:
नात्यांचे शब्द सोपे जातील असं वाटत होतं. 'कुया'ला दादा, 'आते'ला ताई. दोन्ही चिनी होक्कियनमधून आलेले आणि रस्त्यावर अनोळखी माणसालाही लागणारे, आपल्या दादा-ताईसारखेच. पण एका कथेत नोकर मालकाला 'आपो' म्हणतो. कोशात आपो म्हणजे नातू! घरगडी मालकाला नातवा का म्हणेल?

कडूकारलं:
कथा उत्तरेकडची, इलोकानो भागातली असणार. तागालोग आपो म्हणजे नातवंड; इलोकानो आपो म्हणजे महाराज, मायबाप, अगदी देवालाही तेच. तिकडे थोरला भाऊ 'मानोंग', थोरली बहीण 'मानांग', स्पॅनिश 'एर्मानो-एर्माना' घासून झालेले. गाव कुठलं ते आधी बघायचं, कोश नंतर. लेखक मानुएल आर्गिल्या ह्या भागातला, ला उनियोन प्रांतातल्या नाग्रेब्कानचा. भाऊ शहरातली बायको घरी आणतो ती त्याची प्रसिद्ध कथा ह्याच मातीतली: बाप मुद्दाम टांग्याऐवजी बैलगाडी पाठवतो, शेतातल्या वाटेनं, सूनबाई कशी आहे बघायला. सासरच्या परीक्षेची एवढी हळू, एवढी गोड कथा मी दुसरी वाचलेली नाही. त्याला जपान्यांनी 1944 मध्ये मारलं. असो, विषय निघाला म्हणून.

फुलपात्र:
'उतांग ना लोओब'? उतांग म्हणजे कर्ज, लोओब म्हणजे आतलं, आत. 'उपकार' लिहिलं की ते देणाऱ्याच्या बाजूनं वाटतं. इथे भार घेणाऱ्यावर आहे, आणि तो मुलांपर्यंत उतरतो.

कडूकारलं:
'ऋण' आहे की. मातृऋण, पितृऋण. पण घरातल्या संवादात कुणी ऋण म्हणत नाही, तिथे 'त्यांचं खाल्लंय आपण' लिहा.

कर्ज तिथे किती मुरलंय बघा: फिलिपिन्समध्ये सापडलेला सगळ्यात जुना लेख, लगुनाचा ताम्रपट, म्हणजे एक कर्जमुक्तीचा कागदच. नाम्वरान नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज फिटलं, ते त्याच्या मुलांना आणि वंशजांना लागू नाही. कर्जाला त्यातही 'हुतांग'च. आणि तारीख कशी घातलीय: शके 822, वैशाख, कृष्ण पक्ष, चतुर्थी, सोमवार. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात बसेल अशी. इसवी सन 900.

अशीच संस्कृतातली पाहुणी मंडळी आणखी आहेत, त्यांच्यापासून जपा. 'दिवाता' म्हणजे देवता नव्हे, डोंगराची-झाडाची परी. 'दुखा' म्हणजे दुःखी नव्हे, गरीब. ओळखीचं तोंड बघून गळ्यात पडलात की फसलात.

फुलपात्र:
ह्या धाग्यात बहुतेक सगळीकडे तेच होतंय. शब्दच नसेल तिथे मी जपून चालते. तंतोतंत मराठी शब्द मिळाला की डोळे झाकून लिहिते, आणि तिथेच पाय घसरतो.

हे बघा, ह्याच कथेत पुढे आणखी एक सापडलं. थुंकीनं उतरलं नाही म्हणून 'आल्बुलार्यो' येतो, झाडपाल्याचा वैदू. तो 'तावास' करतो. तावास म्हणजे तुरटी! विस्तवावर ठेवतो, फुगून जो आकार येईल त्यावरून कुणामुळे झालं ते सांगतो. आमच्या आजीकडे हे मी स्वतः पाहिलंय. शेगडीवर तुरटी चरचरायची, पांढरी लाही व्हायची, आणि आजी चिमट्यानं उलटून म्हणायची, 'ही बघ, अंबाडा दिसतोय.' मग आम्ही सगळ्या अंबाडेवाल्या आठवायचो. म्हणजे आपल्याकडेही नाव शोधायचेच, नाही का? मघाचं माझं म्हणणं अर्धं मागे घेते.

कडूकारलं:
शोधायचे, पण तिला कॉफीला बोलवायचे नाहीत. तिथे तुमचं बरोबर आहे.

आता तुमची रिकामी जागा. 'बाधणे' घ्या. काकडी बाधते, वारा बाधतो, गावचं पाणी बाधतं. काकडीच्या मनात काही नसतं. एखाद्याच्या अंगाला एखादी गोष्ट सोसत नाही, एवढंच. पाहुणा का बाधू नये?

इंजिनरूम:
आमच्या बोसनचं म्हणणं हेच होतं!

बार्देसकार:
आमच्याकडेही बाधता. लिहा.

फुलपात्र:
लिहिलं. असं झालंय:

'पोरीला पाहुणा बाधलाय,' लोला म्हणाली. 'बस सुटायच्या आत गाठा त्याला. आणि कॉफी टाका, बिचारा धावत येईल.'

इंजिनरूम:
झकास. पण 'लोला' का? आजीच की ती.

फुलपात्र:
आधी आजीच केलं होतं. आजी म्हटलं की ती लगेच मोहऱ्यांचा डबा शोधायला लागते.