पहिली टेस्ट राइड, ॲडव्हेंचर बाइक (कच्च्या रस्त्यावरही चालणारी उंच गाडी), पाय पुरत नाहीत – मदत हवी आहे

खडीवाट
शनिवारी टेस्ट राइड आहे, वीस मिनिटं मिळणार. या प्रकारची गाडी आजवर चालवलेली नाही. दोन गाड्यांवर नुसता बसून आलो, पाय नीट टेकत नाहीत. मला झेपेल का? आणि वीस मिनिटांत नेमकं काय तपासायचं? "चालवून बघा, आपोआप कळेल" हे सांगू नका. आज-उद्यात उत्तर हवंय, नाहीतर शनिवार रद्द करतो.

अर्धाक्लच
कोणत्या दोन गाड्या? तुमची उंची, वजन, इनसीम (मांड्यांच्या सांध्यापासून तळव्यापर्यंतची पायाची लांबी)? सध्या काय चालवता? बसताना पायात काय होतं? एवढं कळल्याशिवाय "झेपेल का" याला उत्तर देता येणार नाही.

इनसीम घरी मोजता येतं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, एक जाड पुस्तक दोन पायांत सायकलच्या सीटसारखं वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. पँटचं माप सांगू नका, ते हमखास कमी भरतं.

नटबोल्ट
एवढा विचार कशाला? रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० घ्या. सीट ८२५ किंवा ८४५ मिमी, हवी तशी लावा. वजन १९६ किलो, ताकद ४० पीएस (हॉर्सपॉवर). पहिली ॲडव्हेंचर गाडी म्हणून याहून जास्त काही लागत नाही. त्या गाडीवर माती-खडी शिका, मग मोठी बघा.

खडीवाट
हिमालयनबद्दल विचारलेलंच नाही. होंडाची ट्रान्सालप ७५० आणि सुझुकीची व्ही-स्ट्रॉम ८००डीई. उंची १६८ सेंमी. सध्या १५० सीसीची साधी गाडी आहे.

अर्धाक्लच
इनसीम, वजन आणि बूट राहिले.

तोवर एक सांगतो. कागदावर ट्रान्सालपची सीट ८५० मिमी, ८००डीईची ८५५. वजन पेट्रोलसकट २०८ आणि २३० किलो. हे आकडे पाहून घाबरू नका आणि त्यांच्यावर विसंबूही नका. सीटची उंची रिकाम्या गाडीची असते. तुम्ही बसलात की मागचा शॉकअप दबतो, लांब ट्रॅव्हलच्या (शॉकअप जास्त दबू शकणाऱ्या) गाडीत सहज तीन-चार सेंमी. दुसरं म्हणजे सीटची रुंदी. पुढे निमुळती सीट असेल तर ८५० सुद्धा पुरते, रुंद असेल तर ८२० मिमीलाही मांड्या फाकून पाय वरच राहतात. त्यामुळे टाकीला चिकटून पुढे बसून बघा आणि मग नेहमीच्या जागी बसून बघा. दोन्ही वेळचा फरक लक्षात ठेवा.

लांबपल्ला
पाय टेकण्यावर एवढी चर्चा का चालते तेच कळत नाही. गाडी उभी किती वेळ असते? खरी परीक्षा ८० ते १०० च्या वेगात, वाऱ्याची. त्या वेगात हेल्मेटभोवती घरघर आणि डोकं हलल्यासारखं झालं, तर फूटरेस्टवर जोर देऊन सीटवरून दहा सेंमी वर उठा. आवाज एकदम स्वच्छ, एकसारखा झाला, तर विंडस्क्रीनवरून येणारी खळबळ थेट हेल्मेटवर आदळते आहे. मग खाली वाकून बघा. तिथेही शांत झालं, तर तुमच्या उंचीसाठी स्क्रीन मधल्याच मापाची आहे. एक तर आखूड हवी किंवा उंच. हेल्मेटला पुढे टोपीसारखी पीक असेल तर टेस्टच्या दिवशी काढा, नाहीतर दोष स्क्रीनचा की पीकचा हे समजणार नाही.

अर्धाक्लच
वाऱ्याचा मुद्दा बरोबर आहे, पण क्रम उलटा आहे. स्क्रीन नंतर बदलता येते. १५० सीसीवरून २३० किलोवर येणारा माणूस पडतो तो ५ च्या वेगात, १०० च्या नाही.

खडीवाट
इनसीम ७६. वजन ७० किलो. स्पोर्ट्स शूज होते. ट्रान्सालपवर दोन्ही पायांची बोटं टेकत होती. गंमत म्हणजे ८००डीईवर जास्त सोपं वाटलं, टाचा जेमतेम वर होत्या. म्हणून माझा कल तिकडे आहे. फक्त ती साइड स्टँडवर इतकी सरळ उभी होती, की जरा धक्का लागला तर उजवीकडे पडेल असं वाटलं. वजनामुळे असावं. आता सांगा, टेस्टमध्ये काय काय बघू?

चिमटा_शॉकअप
थांबा. तुम्ही "गंमत म्हणजे" म्हणालात ना, सगळं तिथेच आहे.

८००डीई कागदावर पाच मिमी उंच आहे. तिच्यावर पाय एवढे जास्त टेकायचं कारण नाही. नुसती बसकी सीट लावली असती तर पाय टेकले असते, पण गाडी स्टँडवर नेहमीसारखीच कलली असती. सरळ उभी राहते म्हणजे स्टँड गाडीच्या मानाने लांब झालाय. माझा अंदाज, डेमो गाडीला मागे लोअरिंग लिंक (शॉकअपला जोडणारा मूळपेक्षा लांब दुवा, त्याने गाडीची मागची बाजू खाली येते) बसवली आहे आणि स्टँड आखूड केलेला नाही.

खात्री करायला टेप न्या. कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांगा, वर कोणी बसायचं नाही, आणि सीटच्या सर्वांत खोलगट जागेपासून जमिनीपर्यंत मोजा. ८५५ च्या जवळपास आलं तर मी चुकलो. ८२०-८३० आलं तर सीट मूळची आहे का विचारा. मग हँडलच्या खाली, वरच्या क्लॅम्पमधून फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपच्या) नळ्या किती वर आल्यात ते बघा. मागची बाजू खाली घेतली की पुढचे फोर्कही त्या हिशोबात क्लॅम्पमधून वर सरकवायचे असतात. तसं केलं नसेल तर गाडीचं नाक वर राहतं, रेक आणि ट्रेल (फोर्कचा तिरकेपणा आणि त्यामुळे चाक मागे रेंगाळण्याचं अंतर) वाढतात, हँडल जड आणि आळशी होतं, हेडलाइट झाडांवर पडतो. तुम्ही टेस्ट घेऊन म्हणाल "व्ही-स्ट्रॉम वळत नाही", आणि ते त्या गाडीबद्दल खरं नसेल.

नटबोल्ट
मग लोअरिंग लिंक घालूनच घ्यावी की. पाय टेकतात ना? प्रश्न मिटला.

चिमटा_शॉकअप
मिटत नाही. लिंक लांब केली की स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) मूळ जागेपेक्षा वर येतो. शॉकअप पूर्ण दबला तर टायर फेंडरला किंवा आतल्या वायरिंगला घासू शकतो. इंजिनाखालची उंची कमी होते, म्हणजे ज्यासाठी अशी गाडी घ्यायची तेच कमी. आधी बसकी सीट, मग जाड तळाचा बूट, मग स्प्रिंगचा प्रीलोड (ती आधीच किती दाबून ठेवायची ते) वजनाप्रमाणे लावून घेणं. लिंक सर्वांत शेवटी, आणि तीही फोर्क आणि स्टँडसकट.

अर्धाक्लच
+१. हे माझ्या नजरेतून निसटलं होतं.

हिशोब करून बघू. ७६ अधिक बुटाचा तळ ३, म्हणजे ७९. मूळ सीट ८५, तुमच्या ७० किलोने दबून साधारण ८१-८२. दोन्ही टाचा टेकणार नाहीत, चवडेही जेमतेम. पण त्याची गरज नाही. थांबताना उजवा पाय मागच्या ब्रेकवर, नितंब अर्धा डावीकडे सरकवायचा आणि डावा पाय पूर्ण टेकवायचा. एक पाय घट्ट हा दोन्ही पायांच्या बोटांपेक्षा जास्त भक्कम. थांबण्यापूर्वी जमीन बघायची सवय लावा: डावीकडे उतार असेल तिथे थांबू नका, खड्डा किंवा सुटी खडी असेल तर दोन फूट आधी किंवा नंतर थांबा.

शनिवारी पहिली पाच मिनिटं जागेवरच घालवा आणि घड्याळ गाडी हलल्यावर सुरू करायला सांगा. टायरची हवा थंड असताना स्वतः मोजून घ्या, डेमो गाड्यांत ती मन मानेल तशी असते. टाकीत पेट्रोल किती आहे बघा. ८००डीईची टाकी २० लिटरची आहे, भरली की वर, छातीच्या उंचीला, सुमारे १५ किलो. जवळजवळ रिकामी टाकी घेऊन "हलकी आहे" असं ठरवू नका. क्लच-ब्रेकच्या दांड्या बोटांना येतील अशा फिरवून घ्या. स्टँड वर घेतल्याशिवाय पहिला गिअर टाकला की इंजिन बंद पडतं, ते बिघाड समजू नका. आणि सर्वांत आधी फॉर्म वाचा: गाडी आडवी झाली तर किती भरायचं आणि कच्च्या रस्त्यावर न्यायला परवानगी आहे का.

मग मोकळ्या जागेत पहिल्या गिअरला माणसाच्या चालीने ३० मीटर सरळ. ॲक्सिलरेटर किंचित आणि स्थिर, वेग अर्ध्या क्लचने, मागचा ब्रेक हलका दाबलेला. याच हातपायांनी यू टर्न, दोन्ही बाजूंना. मान फिरवून जिथे निघायचं तिथे बघा, टायरपुढे नाही. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक अजिबात नाही. एवढ्या लांब ट्रॅव्हलचा फोर्क झटक्यात दबतो, वजन आतल्या बाजूला जातं आणि एवढं वजन पायाने सावरत नाही.

दोनचाकी
अर्ध्या क्लचवर एवढं चालवलं तर क्लच प्लेटा जळतील.

अर्धाक्लच
नाही. हा क्लच तेलात बुडालेला असतो. दहा मिनिटं चालीच्या वेगात काही होत नाही. जळतो तो चढावर जास्त ॲक्सिलरेटर देऊन गाडी क्लचवर तोलून धरली की.

दोनचाकी
बरं. पण दोन्ही गाड्यांना ट्यूब आहेत याचा कुणी विचार केलाय का? आऱ्यांची चाकं, पंक्चर झालं की चाक काढा, बीड (टायरची रिमला बसलेली कड) सोडवा, दोन-तीन लिव्हर लावा. मी म्हणतो ट्यूबलेस आऱ्यांची चाकं आधी बघा, बाकी नंतर. आणि सामानाचे बॉक्स ॲल्युमिनियमचे घेऊ नका, आपटले की वाकतात आणि झाकण बसत नाही.

लांबपल्ला
प्लास्टिकचे आपटले की फुटतात. वाकलेला हातोडीने सरळ होतो.

खडीवाट
बॉक्स आणि ट्यूबसाठी वेगळा धागा काढा, विनंती आहे. टेप घेऊन जाणार आहे. वीस मिनिटांतली उरलेली कशी वापरू? बहुतेक वेळा आम्ही दोघं असू, ही मागे बसते, तर तेही शनिवारीच बघून घेऊ का?

चिमटा_शॉकअप
डबलसीट हे पहिल्या ओळीत हवं होतं. बराच हिशोब बदलतो.

मागे माणूस बसला की मागची बाजू खाली जाते, पुढचं चाक हलकं होतं, म्हणजे हँडल परत आळशी. प्रीलोड वाढवावा लागतो. ८००डीईला तो हाताने फिरवायच्या नॉबने वाढतो, टेस्टच्या वेळीही करता येईल. पण प्रीलोड वाढवला की एकटे बसल्यावर गाडी उंच राहते. त्यामुळे एकट्याचं आणि डबलसीटचं सेटिंग वेगळं, हे गृहीत धरा. लोअरिंग लिंक तर डबलसीटला आणखी अडचणीची, टायर फेंडरपर्यंत पोचायला वेळ लागणार नाही.

अर्धाक्लच
आधी एकट्याने फेरी, मग शेवटची पाच मिनिटं दोघांनी. त्यांना चढवताना गाडी स्टँडवर ठेवू नका. डाव्या फूटरेस्टवर उभं राहिलं की सगळं वजन त्या स्टँडवर येतं. तुम्ही बसा, गाडी सरळ, स्टँड वर, पुढचा ब्रेक दाबलेला, डावा पाय घट्ट. त्यांनी विचारूनच चढायचं, हात तुमच्या खांद्यावर. डावीकडे फुटपाथची कड किंवा थोडी उंच जमीन असेल तिथे गाडी लावलीत तर तुमचा पाय पूर्ण टेकतो, ७६ इनसीमला हा फार मोठा आधार आहे. त्यांना त्यांचे गुडघे किती वर येतात ते विचारा. अर्ध्या तासात मांड्या भरून येणार असतील तर पाच मिनिटांत अंदाज येतो.

मधल्या दहा मिनिटांत: ४० वरून थांबणं, पुढचा ब्रेक आधी हलका, फोर्क बसला की जोरात. मग सरळ रस्त्यावर उभं राहून चालवणं. गुडघे टाकीला, कोपरं बाहेर, वजन फूटरेस्टवर, हात हँडलवर नुसते ठेवलेले. कंबरेत फार वाकावं लागलं तर हँडलला रायझर (हँडल वर उचलणारा तुकडा) लागेल. मग लांबपल्ला यांची वाऱ्याची परीक्षा. ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा) आणि मागचं एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करून बघायचा मोह टाळा, पहिल्या फेरीत त्यातून काही हाती लागत नाही. दोन्ही इंजिनं शेजारी-शेजारी दोन सिलिंडरची, एकाच २७० अंशाच्या क्रँकची आहेत, स्वभाव बराच जवळचा. इंजिनावरून निवड करू नका.

खडीवाट
शोरूमला फोन केला. अंदाज बरोबर निघाला. डेमो ८००डीई मागून ३० मिमी खाली घेतली आहे, फोर्क आणि स्टँड मूळचे. विचारल्यावर लगेच सांगितलं, आधी कुणी बोललं नव्हतं. मूळ उंचीची पुढच्या आठवड्यात मिळेल. शनिवारी फक्त ट्रान्सालप. आमची ही पण येतेय. पायात स्पोर्ट्स शूजच चालतील ना?

चिमटा_शॉकअप
नाही. घोटा झाकणारा, कडक तळाचा बूट. मऊ तळाच्या बुटात उभं राहिलात की फूटरेस्टचे दात पावलात रुततात आणि तुम्ही गाडीला दोष देता. बूट नवा, जाड नाकाचा असेल तर तो गिअरच्या दांडीखाली सरकतो का हे इंजिन बंद असतानाच बघा. सरकत नसेल तर दांडी एक दात वर घ्यायला सांगा. पुढच्या आठवड्यात ८००डीईवर बसाल तेव्हाही हाच बूट घाला, तरच दोन गाड्यांची तुलना होईल.