आईच्या फोनला रिसेट मारला, आता जुना जीमेल मागतोय

कराडची_लेक

मंडळी मदत करा, दोन दिवस डोकं फुटायची वेळ आलीये. आई कराडजवळ गावी असते, मी पुण्यात. तिचा अँड्रॉइड फोन आहे, घेऊन तीनेक वर्षं झाली. ती कायम बोटानेच उघडायची, पॅटर्न टाकायची वेळ क्वचितच यायची आणि आली तर समोर जो असेल तो काढून द्यायचा. मागच्या आठवड्यात रात्रभर लाईट नव्हती, फोन पूर्ण उतरून बंद पडला आणि सकाळी चालू केला तर बोट घेईना, पॅटर्न टाका म्हणतोय. आता तो पॅटर्न कुणी ठेवला, कसा होता कुणाला आठवतंय. आईने चार-पाच तऱ्हेने काढून बघितला, मग थांबा थांबा म्हणत मिनिटं वाढतच गेली. शेजारचा पोरगा म्हणाला काकू द्या इकडं, आणि त्याने पॉवर आणि व्हॉल्यूमचं बटण दाबून धरून तो काळ्या स्क्रीनवरचा मेनू काढला आणि सगळं पुसून टाकलं. मला एक फोन तरी करायचा. हेतू चांगलाच होता बिचाऱ्याचा, पण व्हायचं ते झालं.

आता फोन नव्यासारखा चालू होतो, वायफाय घेतो, आणि मग म्हणतो हा फोन रिसेट केलाय, आधीचा पॅटर्न टाका नाहीतर आधी यावर असलेलं गुगल खातं टाका. माझं खातं टाकलं, घेत नाही. नवीन जीमेल काढून टाकलं, तेही नाही. आईला विचारलं तुझा जीमेल काय, तर म्हणे ते दुकानदाराला माहीत! खरंच आहे म्हणा, फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने काउंटरवरच काहीतरी बनवून दिलं होतं आणि आम्ही पेढे वाटायच्या नादात होतो.

गावातला एक मोबाईलवाला ८०० रुपये मागतोय, अर्ध्या तासात उघडून देतो म्हणतो. पैशाचं काही नाही. पण मला फोनपेक्षा व्हॉट्सअ‍ॅप पाहिजे. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, त्यांचे व्हॉईस मेसेज आईच्या त्याच फोनवर आहेत, ती रोज संध्याकाळी दिवा लावला की एखादा ऐकते. देऊ का त्याला फोन?

पाना_पक्कड

नका देऊ, निदान अजून तरी नको. मी स्वतः कोल्हापुरात रिपेरिंगचं काम करतो, म्हणजे आमच्याच धंद्याच्या पोटावर पाय देतोय, पण ऐका.

याला एफआरपी म्हणजे फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन म्हणतात, २०१५ ला अँड्रॉइड ५.१ बरोबर आलं. फोन चोरणाऱ्याने बटणं दाबून पुसला तरी त्याला वापरता येऊ नये म्हणून केलेली सोय आहे. सेटिंगमध्ये जाऊन रिसेट केला असता तर आधी पॅटर्न विचारला असता, म्हणजे मालकानेच केलाय हे फोनला कळलं असतं आणि नंतर खातं मागितलं नसतं. बटणांनी केला की मागच्या दाराने कुणीतरी घुसलंय असंच तो धरून चालतो. आणि ते बोट न घेण्याचं पण तसंच, फोन बंद होऊन चालू झाला की पहिल्यांदा पॅटर्न किंवा पिनच लागतो, बोट नंतर. यात आईची काही चूक नाही.

आता तो ८०० रुपयेवाला. तो काय करणार तर कुठल्यातरी फटीतून सेटअपच्या पुढे नेणार. जुन्या फोनवर जमतं कधीकधी. पण अँड्रॉइड १५ पासून ते पण अवघड झालंय, सेटअप चुकवून आत गेलात तरी जुनं खातं दिल्याशिवाय नवीन खातं जोडू देत नाही, अ‍ॅप टाकू देत नाही. आणि समजा उघडला, तरी तुम्हाला काय मिळणार? कोरा फोन. त्या पोराने पुसला तेव्हाच आतलं सगळं गेलं. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप असेल तर तो त्या जुन्या गुगल खात्यावर आहे, फोनमध्ये नाही. म्हणून फोनच्या मागे लागू नका, खात्याच्या मागे लागा. खातं सापडलं की फोन आपोआप उघडतो, उलट होत नाही.

अनलॉक_किंग_००७

ताई १००% होईल कोणतंपण मॉडेल, फक्त आयएमईआय (फोनचा १५ आकडी नंबर) आणि ओटीपी इनबॉक्स करा, आधी पैसे नाही

सुमेधा_क

वरच्याला कुणीही काहीही पाठवू नका. अनलॉक करायला तुमचा ओटीपी कशाला लागतो हो?? त्याच नंबरवर आईचं बँकेचं खातं असेल. आणि यूट्यूबवर बघून ते अनोळखी ठिकाणचे एपीके (अ‍ॅपच्या फायली) पण टाकू नका, ज्या फोनवर उद्या यूपीआय चालणार त्यात कुणी काय भरून ठेवलंय हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही. माझ्या दिराने तेच केलं होतं, फोन उघडला खरा पण दर दोन मिनिटाला जाहिराती, शेवटी परत पुसायला लागला.

निगडीचा_नाना

कुणाला राग आला तर येऊ दे पण बोलतो. दर आठवड्याला कुणाच्या आईचा, कुणाच्या काकांचा फोन असा अडकतो आणि आपण सगळे वाटा दाखवत बसतो. त्यातला एक जरी लोकलमध्ये मारलेला असला तर? बिल आहे का?

कराडची_लेक

नाना, राग नाही, बरोबर आहे तुमचं. बिल आहे, बाबांच्या नावावर आहे, खोका पण आहे, बाबा सगळे खोके माळ्यावर ठेवायचे (आई चिडायची त्यावरून). 

पण खातं शोधायचं कसं? आयडीच माहीत नाही तर पासवर्ड काय विसरणार!

पाना_पक्कड

बिल आणि खोका आहे म्हणजे निम्मं काम झालं, काहीच नाही जमलं तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला ते दोन्ही घेऊन जायचं. बिलावरचा आयएमईआय आणि फोनचा आयएमईआय जुळवून बघतात. फोनचा बघायला त्या अडकलेल्या स्क्रीनवर इमर्जन्सी कॉल असतो तिथे *#०६# दाबा, बऱ्याच फोनवर दिसतो, नाहीतर खोक्यावर छापलेला असतोच. बिल बाबांच्या नावावर आहे तर आईचं आधार आणि नातं दाखवणारा एखादा कागद बरोबर ठेवा, नाहीतर दोनदा हेलपाटा. पण तिथेही फोन कोराच मिळेल, म्हणून तो शेवटचा रस्ता.

आता खातं. आईचा नंबर तोच आहे ना तीन वर्षांपूर्वीचा? असेल तर दुकानातल्या पोराने खातं काढताना तोच नंबर दिलेला असणार. ते सिम दुसऱ्या साध्या फोनमध्ये घाला. मग कुठल्याही फोनवर गुगलच्या साइन-इनच्या पानावर जायचं, खाली ईमेल विसरलात का असं येतं, तिथे तो नंबर द्यायचा, मग नाव आणि आडनाव विचारेल. खरी गोम इथे आहे. नाव खात्यात जसं लिहिलंय तसंच लागतं आणि दुकानदार काय लिहितील याचा नेम नाही, मी आडनावाच्या जागी गाव लिहिलेलं बघितलंय. नाव जुळलं की नंबरवर ओटीपी आणि मग त्या नंबरवरच्या खात्यांची यादी.

हे सगळं गावच्या घरी बसून करा, घरच्याच वायफायवरून, आणि शक्यतो असा फोन घ्या ज्यावर आईचं खातं कधीतरी चालू होतं. नेहमीची जागा आणि नेहमीचं यंत्र असलं की ओळख पटवायला सोपं जातं. पुण्यात बसून आईच्या नावाने दहा वेळा ट्राय मारू नका.

सुमेधा_क

आणि एक, मधल्या काळात ते सिम दुसऱ्या स्मार्टफोनमध्ये घालून घाईघाईने व्हॉट्सअ‍ॅप चालू करू नका. केलंच आणि रिस्टोर विचारलं तर स्किप करू नका. त्याच खात्यावर नवीन कोरा बॅकअप झाला तर जुना गेला समजा.

वाळवंटातला_मालवणी

अँड्रॉइडवाले निदान नशीबवान. मी इथे दुबईत सेकंडहँड आयफोन घेतला, पुसून नव्याने चालू केला तर कुणाचीतरी अ‍ॅपल आयडी मागायला लागला. अ‍ॅक्टिव्हेशन लॉक, २०१३ पासून आयओएस ७ बरोबरच आहे तो. एकतर आधीच्या मालकाने काढायचा नाहीतर मूळ खरेदीची पावती दाखवून कंपनीकडे अर्ज करायचा. माझं नशीब की विकणारा शोधला तर सापडला, मँगलोरचा निघाला, त्याने त्याच्या खोलीत बसल्या बसल्या आपल्या आयक्लाऊडमधून फोन काढून टाकला, फोन हातात पण लागला नाही. तेव्हापासून कुणी सेकंडहँड घेतोय म्हटला की मी सांगतो, विकणाऱ्याला समोर बसवून आपलं खातं काढायला लाव, सेटिंगमधून रिसेट करायला लाव, आणि सेटअप होऊन होम स्क्रीन दिसली की मगच पैसे.

निगडीचा_नाना

आणि भारतात घेणाऱ्यांनी केवायएम लिहून स्पेस देऊन १५ आकडी आयएमईआय १४४२२ ला एसएमएस करा. ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट आला तर हात लावू नका. ते सीईआयआर, म्हणजे सरकारचं आयएमईआयचं रजिस्टर, आपल्या महाराष्ट्रात २०१९ लाच सुरू झालंय आणि २०२३ पासून देशभर. फोन हरवला तर पोलिसात तक्रार देऊन तिथेच ब्लॉक पण करता येतो. माझा स्वारगेटला गेला होता तेव्हा केला होता मी. फोन नाही मिळाला, पण चोराला पण नाही मिळाला म्हणायचं.

सोलापुरी_चादर

ईएमआयवर घेतला होता का? फायनान्सवाल्यांचा लॉक वेगळा असतो, तो या कशाने जात नाही. आणि काही कंपन्यांच्या फोनमध्ये गुगलशिवाय कंपनीचं पण खातं असतं, स्क्रीनवर नक्की कुणाचं नाव लिहून आलंय ते नीट वाचा. माझ्या मेव्हण्याने गुगलचा पासवर्ड शोधण्यात आठवडा घालवला आणि फोन मागत होता दुसरंच.

कराडची_लेक

नाही रोख घेतला होता, आणि गुगलच लिहून येतंय. शनिवारी गावी चाललेय. बघू.

कराडची_लेक

झालं!! सगळं सांगते कारण कुणाला तरी उपयोग होईल.

शनिवारी सिम माझ्या भावाच्या बटणाच्या फोनमध्ये घातलं आणि लॅपटॉपवर बसले. ईमेल विसरलात, नंबर, नाव. आईचं नाव आडनाव टाकलं, या माहितीशी जुळणारं खातं नाही. स्पेलिंग बदलून बघितलं, एक ए जास्त, एक एच कमी, नाही. बाबांचं नाव, नाही. पाना_पक्कड म्हणाले तसं गावाचं नाव आडनावाच्या जागी, नाही. मग मी दुकानातच गेले. तो पोरगा आता तिथे नाही पण मालक म्हणाला आमच्याकडे तेव्हा सगळ्यांची नावं बिलावरून टाकायचे. बिल काढून बघितलं तर त्यावर बाबांच्या नावाच्या आधी श्री लिहिलेलं. घरी येऊन नावाच्या जागी श्री आणि बाबांचं नाव, आडनावाच्या जागी आडनाव टाकलं आणि ओटीपी आला! आई म्हणाली म्हणजे इतकी वर्षं मी यांच्याच नावाने फोन वापरत होते.

यादीत दोन खाती होती. एक श्री वालं आणि एक माझ्या भाच्याने कधीतरी गेमसाठी काढलेलं. श्री वाल्याला पासवर्ड विसरलो म्हटलं, परत ओटीपी, मग नवीन पासवर्ड घेतला. लगेच फोनमध्ये टाकला तर घेईना. तेव्हा मात्र मला रडू आलं. मग वाचण्यात आलं की पासवर्ड नुकताच बदलला असेल तर २४ तास थांबावं लागतं, खरं तर आधी थांबून मगच फोन रिसेट करायचा असतो. रविवारी दिवसभर त्या फोनला कुणी हात लावला नाही, आईने त्याच्यावर रुमाल टाकून ठेवला होता, का ते विचारू नका. सोमवारी सकाळी टाकला आणि उघडला.

व्हॉट्सअ‍ॅप टाकलं, रिस्टोर विचारलं, दाबलं. वायफाय हळू होता म्हणून दीड तास चाललं. फोटो सगळे नाही आले, गुगल फोटोचा बॅकअप कधी चालूच नव्हता, त्यामुळे कॅमेऱ्यातले गेले ते गेलेच, त्यात भावाच्या मुलीच्या बारशाचे होते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले तेवढे परत आले. बाबांचे मेसेज आले. पहिला जो लागला त्यात ते म्हणतायत येताना अर्धा किलो वांगी आण, भरताची, मागच्यासारखी बिया निघालेली नको.

पाना_पक्कड

वा! आता एक काम करा, त्या खात्यात रिकव्हरीला तुमचा पण नंबर आणि ईमेल घाला. आयडी, पासवर्ड आणि पॅटर्न वहीत लिहून बिलाबरोबर त्याच खोक्यात. आणि ते व्हॉईस मेसेज सिलेक्ट करून दुसरीकडे कुठेतरी पण सेव्ह करा, आजच.

कराडची_लेक

केले. माझ्याकडे, भावाकडे आणि एका पेनड्राईव्हमध्ये. पॅटर्न आता पिन केलाय, आईच्या लग्नाचं साल. बाबा असते तर त्यांना आठवलं नसतं.

सुमेधा_क

अगं इथे कशाला लिहिलंस, बदल आधी तो पिन!!

कराडची_लेक

😂 बदलला