अथामे ही बळी द्यायची सुरी नाही

कुणीतरी विचारलंय की विक्का या आधुनिक निसर्गपूजक पंथातली ती काळ्या मुठीची सुरी, म्हणजे अथामे, बळी द्यायला वापरतात का, तर अजिबात नाही हो. परंपरेनं तिनं काही कापतच नाहीत, टोकानं हवेत वर्तुळ आखून विधीची जागा बांधून घ्यायची, बस. पाला कापायला, मेणबत्तीवर खुणा कोरायला पांढऱ्या मुठीची वेगळी. मला सगळ्यात भावतो तो चषकातल्या वाईनमध्ये अथामेचं टोक अलगद बुडवायचा क्षण, एकानं चषक धरायचा दुसऱ्यानं सुरी, स्त्रीतत्त्व-पुरुषतत्त्व एकत्र. आणि हे सगळं इंग्लंडात रुजवणारे जेराल्ड गार्डनर आधी मलायात कस्टम्समध्ये होते, तिथल्या क्रिस खंजिरांवर त्यांचं १९३६ चं पुस्तकच आहे, सुरीला एवढा मान मिळाला तो त्यातूनच असावा असं मला तरी वाटतं.