नवरीच्या मेकअपसाठी भुवयांचे आणि मस्काराचे ब्रश कुठले घ्यावेत?

काजळरेघ
पार्लरचा कोर्स झाला, आता साताऱ्याच्या आसपास लग्नांच्या ऑर्डरी घेतेय. नवरी, करवल्या, दोन्हीकडच्या आया असे एका सकाळी बरेच चेहरे असतात. मस्काराचे ब्रश एकदाच वापरून टाकायचे घ्यावेत की धुण्याचे? भुवयांसाठी तिरपा ब्रश लागतोच, की नुसत्या स्पुलीवर (मस्काराच्या कांडीसारखा छोटा गोल ब्रश) भागेल?

तुळशीबागेची_वाट
ताई, ब्रँडपेक्षा संख्या बघा. दर माणशी दोन तरी स्पुली हव्यात, एक भुवयांना, एक पापण्यांना. पन्नास नगांच्या पाकिटात साध्या नायलॉनच्या मिळतात, तुळशीबागेत किंवा क्रॉफर्ड मार्केटला घाऊक घ्या. घेताना तार वाकवून बघा. मानेपाशी थोडी वाकली पाहिजे, पण केस गळायला नकोत. गळलेला केस डोळ्यात गेला की नवरीचा डोळा लाल झालाच.

ट्यूबमधली कांडी थेट कुणालाही लावू नका. मस्कारा आधी स्टीलच्या पट्टीवर काढायचा आणि तिथून स्पुलीने घ्यायचा. पापणीला लागलेली स्पुली पुन्हा ट्यूबमध्ये बुडवली, तर एकीचे जंतू सगळ्या वऱ्हाडाला. डोळे येण्याची साथ असेल तेव्हा तर हे फारच सांभाळा.

निळी_पापणी
सहमत. फक्त कचरा फार होतो, म्हणून भुवयांसाठी मी सिलिकॉनच्या स्पुली ठेवते. त्या धुवायला सोप्या. शाम्पूने धुवायच्या, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पूर्ण वाळू द्यायच्या. ओल्या अल्कोहोलचा ब्रश डोळ्याजवळ नेऊ नका, चुरचुरतं.

तिरप्या ब्रशचं म्हणाल तर हवाच, पण एक चांगला पुरे. पातळ, कडक, कृत्रिम केसांचा बघा. पावडरने एकेक केस काढल्यासारख्या बारीक रेघा मारायच्या आणि कडा स्पुलीने विंचरून मऊ करायच्या. आपल्याकडे भुवया दाट असतात, बऱ्याच जणींना नुसतं वरच्या दिशेने विंचरून जेल लावलं तरी पुरतं. उगाच काळ्याभोर करू नका, फोटोत चेहरा रागीट दिसतो.

काजळरेघ
खूप आभार! पापण्या एकमेकींना चिकटतात, त्याचं काय करू? वॉटरप्रूफ मस्कारा वापरते.

तुळशीबागेची_वाट
लावण्याआधी जास्तीचा मस्कारा पट्टीच्या कडेला पुसा. मुळाशी ब्रश आडवा, किंचित डावी-उजवीकडे हलवत टेकवा आणि तसाच टोकापर्यंत ओढा. मस्कारा ओला असतानाच कोरड्या स्पुलीने विंचरा, वाळल्यावर विंचरलं तर पोपडे गालावर पडतात. खालच्या पापण्यांना अगदी बारीक ब्रश लागतो. आणि कांडी ट्यूबमध्ये वरखाली घुसळू नका, आत हवा जाऊन मस्कारा लवकर सुकतो. उघडल्यापासून साधारण तीन महिन्यांनी ट्यूब बदलाच.

निळी_पापणी
वॉटरप्रूफ लागलेला ब्रश नुसत्या शाम्पूने निघत नाही हं. आधी खोबरेल तेलात चोळा, मग शाम्पू. वाळवताना आडवा ठेवा. उभा ठेवलात तर पाणी दांड्यात उतरून डिंक सुटतो.