कोंबड्या नव्या बादलीला तोंड लावत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात कोलशेत गावठाणात राहतो. घरामागे थोडी परसाची जागा अजून शाबूत आहे (किती दिवस, ते बिल्डरच जाणे). तिथे सहा कोंबड्या आहेत, चार कावेरी (ही सुधारित जात) आणि दोन गावठी. आतापर्यंत खाद्य परातीत घालत होतो. परातीत मॅश (दळलेलं कोरडं खाद्य) पडली की आधी पायाने उकरायचं, मग मक्याचा भरडा तेवढा वेचायचा आणि बारीक भुकटी चोचीने उडवून द्यायची. मागची ५० किलोची गोणी ५२ दिवसांत संपली. म्हणजे दिवसाला ९६० ग्रॅम. अंड्यावरच्या कोंबडीला ११० ग्रॅमच्या आसपास लागतं, सहा जणींना ६६० धरा. उरलेले ३०० ग्रॅम मातीत, आणि मातीतलं घुशीच्या पोटात. घरात लहान मूल आहे, पावसाळ्यात लेप्टोची (घुशी-उंदरांच्या मुतातून पसरणारा आजार) धास्ती, म्हणून हा खटाटोप.

२० लिटरची झाकणाची नवी बादली घेतली. तिला तीन भोकं पाडून ७५ मिमीचे पीव्हीसी एल्बो (पाइपचे काटकोनात वळलेले तुकडे) बसवले. एक तोंड बाहेर, दुसरं आत खाली वळलेलं, तळापासून दोन बोटं वर. कोंबडीने मान आत घालून खायचं, चोचीतून सांडेल ते बादलीतच पडतं. बादली विटांवर ठेवली आहे, भोकं त्यांच्या छातीच्या उंचीला येतात.

शनिवारी परात उचलली आणि बादली मांडली. दिवसभर सगळ्या तिच्याभोवती मान वाकडी करून फिरल्या. संध्याकाळपर्यंत फक्त थोरल्या कावेरीने (घरात तिला ‘सरपंच’ म्हणतात) खाल्लं. रविवारी आणखी एकीने. सोमवारी चाराऐवजी दोनच अंडी. सासूबाईंना राहवलं नाही, त्यांनी तांदळाची कणी फेकली. ‘कोंबड्यांना काय आता शाळेत घालणार आहेस का?’ शेवटी परात परत ठेवली, आणि आता बादलीकडे कोणी बघतही नाही.

परात एकदम काढायची की हळूहळू? किती वेळ उपाशी ठेवलेलं चालतं? आणि सासूबाईंचं काय करू, हेही गंभीरपणे विचारतेय.

येऊरचा शेजारी: भोक बरोबर आहे, अडचण अंधाराची आहे. एल्बो आत वळला की खाद्य दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते कोंबडीच्या लेखी नाहीच. चार-पाच दिवस झाकण काढून ठेवा, वरून उजेड पडू दे. प्रत्येक एल्बोच्या बाहेरच्या तोंडात चिमूटभर कणी ठेवा. ती खाता खाता मान आपोआप आत जाते. परात काढू नका, बादलीला टेकवून ठेवा आणि त्यात रोज थोडं कमी घाला.

घणसोलीकर: सकाळी खुराडं उघडल्यावर दोन-तीन तास फक्त बादली, मग परात. पूर्ण दिवस उपाशी ठेवू नका, पाणी तर कधीच काढू नका. कोण खाल्लं कोण नाही, हे बघून कळत नाही. रात्री खुराड्यात बसल्या की एकेकीच्या गळ्याखालची पिशवी चाचपा. भरलेली, घट्ट लागली तर खाल्लंय. ढिली, रिकामी असेल तर ती उपाशी झोपली. आणखी एक विचारतो, तिन्ही भोकं एकाच बाजूला आहेत का?

मी: हो, एकाच बाजूला. बादली भिंतीला टेकवायची होती.

घणसोलीकर: मग झालं! तुमची सरपंच एकटी तिन्ही भोकं अडवत असणार. गावठींना खाणं कळत नाही असं नाही, तिची टोच खायची नाही त्यांना. एक भोक मागच्या बाजूला करा आणि बादली मोकळ्यात ठेवा.

जुना पोल्ट्रीवाला: मी तर म्हणेन फीडरच नको. सकाळ-संध्याकाळ मोजून घाला, वीस मिनिटांत परात साफ. तरी बादलीच करायची तर तळाशी मधोमध एक कोन ठेवा, म्हणजे मॅश कडेला घसरेल. आपल्याकडच्या दमट हवेत ती एल्बोखाली थापून बसते आणि बुरशी धरते. बुरशीचं खाद्य गेलं की लिव्हरवर येतं. पावसाळ्यात ५० किलोची गोणी घेऊ नका, थोडं थोडं आणा. रात्री बादली घरात घ्या, ७५ मिमीतून घुसायला घुशीला वेळ लागत नाही.

मी: मोजून घालायला आवडलं असतं दादा, पण मी आठला ऐरोलीला निघते, येईपर्यंत अंधार पडतो. बाकी सगळं करून बघते.

मी (नऊ दिवसांनी): परवापासून परात माळ्यावर गेली. मागच्या भोकाने खरी जादू केली. धाकटी गावठी तिथूनच खाते, सरपंचाच्या नजरेआड. पाच जणींच्या पिशव्या रात्री भरलेल्या लागतात, बादलीभोवतीची माती कोरडी, स्वच्छ. सासूबाईंना कणी एल्बोत ठेवायचं काम दिलं, आता त्याच येणाऱ्या-जाणाऱ्याला बादली दाखवतात.

सहावीची पिशवी मात्र रोज रिकामी. तीन रात्री मी काळजीने नुसती चाचपत होते. काल सासूबाईंनी तिला उचलून बघितलं आणि हसायलाच लागल्या. ती खुडूक झालीय, म्हणजे अंडी उबवायला बसलीय. दिवसातून एकदा उठते, चार दाणे टिपते आणि परत जाऊन बसते. बादलीचा काही संबंधच नव्हता! आमच्याकडे कोंबडा नाही, आमच्या अंड्यांतून पिल्लं निघणार नाहीत, म्हणून आज सकाळी शेजारच्या घरून नऊ अंडी आणून तिच्याखाली ठेवली. एकवीस दिवसांनी पिल्लांचं खाणं विचारायला पुन्हा येईन.