दीड वर्षाच्या मुलाला सोडून तीन आठवडे बाहेरगावी, तब्येतीवर परिणाम होतो का?

सुदामानगरवाली:
नमस्कार, आम्ही इंदूरचे. मुलगा दीड वर्षाचा. ऑफिसच्या ट्रेनिंगला तीन आठवडे हैदराबादला जावं लागणारे, टाळता येत नाहीये. दिवसभर तो आजीकडेच असतो पण रात्री मीच लागते, अजून अंगावर पितो. जाऊबाई म्हणाल्या आईपासून तुटलेली मुलं आजारी पडतात, वाढ खुंटते. तेव्हापासून माझीच झोप उडालीये.

रामबाग_इंदूर:
जाऊबाईंचं अगदीच हवेतलं नाही, पण ते वेगळ्या मुलांबद्दल आहे. १९४० च्या दशकात रेने स्पिट्झ या डॉक्टरने अनाथालयातली बाळं बघितली, दूध होतं, स्वच्छता होती, तरी वजन वाढेना, इन्फेक्शन व्हायची, बरीच दगावली, कारण एकेका बाईकडे कितीतरी बाळं आणि उचलून घेणारं हक्काचं कुणीच नाही. रोमानियातल्या अनाथालयांतल्या मुलांचंही तेच, जी दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली ती जास्त सावरली. तुमच्याकडे रोजची आजी आहे, बाबा आहे. कुठे ते आणि कुठे हे!

दादा_वडोदरा:
आमच्या वेळी मुलं महिनोन्‌महिने आजोळी राहायची, काही झालं नाही. उगाच टेन्शन.

माजी_सिस्टर:
दादा, झालं नाही की कुणी बघितलं नाही? मी बरीच वर्षं मुलांच्या वॉर्डात होते. पूर्वी लंडनच्या हॉस्पिटलांत आईबापांना फार भेटू देत नसत. तिथे रॉबर्टसन आणि बोल्बी या मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या दोघांनी टिपलं की मूल आधी आकांत करतं, मग मलूल होतं, मग गप्प, आणि नर्सेस म्हणायच्या रुळलं. ते रुळलेलं नसतं.
ताई, तुम्ही जा, पण डोळा चुकवून निघू नका, रडला तरी सांगून निघा. आत्तापासूनच रात्री बाबांना झोपवू दे. तुमची एखादी न धुतलेली ओढणी जवळ राहू दे. तिकडे दूध काढत राहा, नाहीतर गाठी होऊन ताप येईल. परत आल्यावर तो तोंड फिरवेल, कदाचित आजीलाच चिकटेल, मग काही दिवस तुम्हाला बाथरूमलाही जाऊ देणार नाही. दोन्ही चालतं. खाणं फारच तुटलं, वजन उतरलं तर मात्र लगेच डॉक्टर.

सुदामानगरवाली:
थँक्यू सिस्टर. आज रात्रीपासून बाबांची ड्यूटी, त्यांना अजून सांगितलं नाहीये 😄 व्हिडिओ कॉल रोज करू का? मला बघून जास्त रडला तर?

माजी_सिस्टर:
झोपायच्या वेळी नको, सकाळी दूध पिऊन खुशीत असेल तेव्हा करा. तरीही रडतच असेल तर नुसता आवाज पाठवा.